कॉर्डचं नाव विचारताय? आधी बेस सांगा

या वेळी गिटारवरच्या अनोळखी कॉर्डांची (एकदम छेडलेल्या सुरांची) नावं विचारणारी पत्रं इतकी आली, की बाकीचे प्रश्न (तारा कधी बदलाव्यात, बोटं सोलवटतात तेव्हा काय करावं वगैरे) पुढच्या अंकावर ढकलले आहेत. एक विनंती आहे. कृपया हाताचे फोटो पाठवू नका. फोटोत अंगठी छान दिसते, पण कुठली तार वाजतेय आणि कुठली दाबून गप्प केली आहे, ते कळत नाही. त्यापेक्षा सहा आकडे लिहा, म्हणजे प्रत्येक तार कितव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) दाबली ते, जाड तारेपासून बारीक तारेकडे. (तारांचा क्रमांक मात्र उलटा : सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी.) मोकळ्या तारेला शून्य, न वाजवायच्या तारेला फुली. खाली मीही तसंच लिहिलं आहे.

प्रश्न : ताई, ए मायनरचा शेप तसाच धरून मी दोन फ्रेट वर सरकवला. पाचवी आणि पहिली तार मोकळीच ठेवली, म्हणजे ×-०-४-४-३-०. फार गोड वाजतं. तिथून तोच शेप आणखी वर नेतो, ×-०-७-७-६-०, आणि परत ए मायनरवर येतो. मधल्या कॉर्डचं नाव ॲपला विचारलं तर त्याने तीन नावं दिली : डी सिक्स-नाइन, बी मायनर सेव्हन ॲड इलेव्हन आणि ई नाइन सस फोर. तिन्हींच्या शेपटाला 'ओव्हर ए', म्हणजे सगळ्यात खाली, बेसला, ए. मित्र म्हणतो, तिन्ही बरोबर. मग मी वहीत लिहू काय? (चिपळूण)

उत्तर : मित्र बरोबर बोलतोय, पण तिथेच थांबला. तीन नावं निघाली म्हणजे काम अर्धं झालं. उरलेलं अर्धं ॲपला करता येत नाही, कारण त्याने तुमची फक्त एक कॉर्ड ऐकली आहे.

आधी सूर लिहून काढू. पाचवी तार मोकळी : ए. चौथी तार चौथ्या फ्रेटवर : एफ शार्प. तिसरी तार चौथ्या फ्रेटवर : बी. दुसरी तार तिसऱ्या फ्रेटवर : डी. पहिली मोकळी : ई. पाच तारा, पाच वेगळे सूर, एकही दुबार नाही. गिटारवर हे तसं दुर्मीळच. साध्या ई मेजरमध्ये सहा तारा वाजतात आणि सूर तीनच असतात.

आता हे पाच सूर घेऊन पेटीपाशी बसा. (घरात पेटी नसेल तर फोनवरचा कीबोर्ड चालेल.) डी ला सा माना. डी, ई, एफ शार्प, ए, बी म्हणजे सा, रे, ग, प, ध. भूप! आता सुरांना हात न लावता सा फक्त ई वर न्या : सा, रे, म, प, कोमल नी. मधमाद सारंग. एफ शार्पवर सा ठेवला की मालकंस, ए वर ठेवला की दुर्गा, बी वर ठेवला की धानी. राग म्हणजे नुसते सूर नव्हेत, हे शास्त्रीय संगीतवाल्यांनी मला पत्राने कळवू नये. माझी आई गाणं शिकवायची, हे तिने फार पूर्वीच बजावून ठेवलं आहे. मुद्दा एवढाच की मूर्च्छना (सूर तेच ठेवून सा हलवणं) ज्याला समजते, त्याला तुमच्या ॲपच्या तीन नावांचं आश्चर्य वाटू नये. सूर तेच आहेत, सा कुठे आहे ते ठरायचंय.

ते ठरवायला मी प्रत्येक सुराला आळीपाळीने मूळ सूर मानते आणि एकच गोष्ट बघते : त्याच्यावर तिसरा आणि पाचवा सूर मिळतो का? म्हणजे कुठला तरी एक गंधार आणि पंचम. डी पासून बघितलं तर एफ शार्प आणि ए, दोन्ही हजर, अख्खी डी मेजर उभी आहे. वर बी आणि ई उरले, ते सहावा आणि नववा. म्हणून डी सिक्स-नाइन. बी पासून बघितलं तर डी, एफ शार्प आणि वर सातवा ए, म्हणजे अख्खी बी मायनर सेव्हन. उरलेला ई हा अकरावा. ई पासून गंधारच नाही, ना जी ना जी शार्प. गंधाराच्या जागी मध्यम बसला आहे, म्हणून 'सस'. ए पासूनही गंधार नाही. एफ शार्पला कोमल गंधार आहे, पण पंचम नाही. म्हणजे कागदावर डी आणि बी हे दोन दावेदार पक्के, ई तिसरा.

कागदावरचा निकाल इथे संपतो, आता कान लावा. तुम्ही पत्रात मागची-पुढची कॉर्ड लिहिलीत, हे फार बरं केलंत. तिसरी कॉर्ड ×-०-७-७-६-० उकलून बघा : ए, ए, डी, एफ, ई. डी मायनर आणि वर नववा ई, खाली ए. म्हणजे तुमच्या हाताने एक मायनरचा साचा उचलला आहे आणि तो ए मायनर, बी मायनर, डी मायनर असा फिरतो आहे. खाली ए आणि वर ई आपापल्या जागी वाजत राहिले आहेत. अशा वेळी मधल्या कॉर्डला 'डी' म्हटलं तर चाल कुठून कुठे गेली तेच वाचणाऱ्याला कळणार नाही. ती बी मायनरच. मी वहीत 'बी मायनर ओव्हर ए' एवढंच लिहीन आणि बाजूला 'पहिली मोकळी'. सातवा सूर खालच्या ए मध्ये आलाच आहे, अकरावा मोकळ्या तारेत आला. 'सेव्हन ॲड इलेव्हन' लिहून वाचणाऱ्याला घाबरवायची गरज नाही.

गोड का वाजतं तेही सांगते, विचारलं नाहीत तरी. ए ला सा धरा. मधल्या कॉर्डमध्ये एफ शार्प आहे, म्हणजे शुद्ध धैवत. पुढच्या डी मायनरमध्ये एफ आहे, कोमल धैवत. काफी रागातून एकदम उदास गल्लीत वळल्यासारखं होतं ते या एका सुरामुळे.

हीच बोटं दुसऱ्या प्रसंगी मात्र दुसरं नाव घेतील. बेस गिटारवाला खाली डी धरून बसला आणि गाणं डी मध्येच घुटमळतंय, तर डी सिक्स-नाइन. तुम्ही सहावी तारही मोकळी छेडलीत (०-०-४-४-३-०) आणि पुढे ए मेजर येतेय, तर ई नाइन सस फोर. तिथे तिचं काम ए कडे ढकलण्याचं आहे.

प्रश्न : बीटल्सच्या 'अ हार्ड डेज नाइट'ची सुरुवातीची एकच कॉर्ड. माझ्याकडच्या प्रत्येक पुस्तकात तिचं नाव वेगळं आहे. जी सेव्हन सस फोर, एफ ॲड नाइन, डी मायनर इलेव्हन... एवढी मोठी माणसं, एका कॉर्डवर एकमत होत नाही? (डोंबिवली)

उत्तर : एकमत होत नाही, कारण ती एका वाद्यावरची कॉर्ड नाहीच. 1964 सालचं ध्वनिमुद्रण. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हातात बारा तारांची रिकेनबॅकर गिटार. 2001 मध्ये चाहत्यांशी ऑनलाइन गप्पा मारताना त्यानेच सांगितलं, की ती एफ आहे आणि वर जी आहे. पण बेसच्या सुराचं पॉलला (बीटल्सचा बेसवाला पॉल मॅकार्टनी) विचारा, असंही तो म्हणाला. बघा, वाजवणाऱ्यालाही पूर्ण नाव सांगताना बेसवाल्याकडे बोट दाखवावं लागलं.

गिटारचे सूर एफ, ए, सी, जी : एफ ॲड नाइन. पॉल मॅकार्टनीच्या बेसचा डी त्याखाली घातला की डी, एफ, ए, सी, जी. आता डी मायनर सेव्हन उभी राहिली आणि जी तिचा अकरावा झाला. शिवाय त्यात निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा पियानोही आहे. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक जेसन ब्राउन यांनी त्या क्षणाचं फूरिये विश्लेषण करून, कंपनसंख्या वेगळ्या काढून, पियानो असल्याचं मांडलं होतं. तेव्हा तुमची पुस्तकं एकमेकांना खोटं पाडत नाहीत, प्रत्येकाने आपल्याला ऐकू आला तेवढा भाग लिहिला आहे.

एकट्याने वाजवायची असेल तर सहावी तार ई वरून डी ला उतरवा आणि ०-×-३-२-१-३ धरा. पाचवी तार चौथ्या तारेवरच्या बोटाच्या टोकाने गप्प करायची. बारा तारांची चकाकी येणार नाही, पण नावात जे जे आहे ते सगळं वाजेल.

प्रश्न : गाण्यांच्या पुस्तकात सी नाइन छापलं होतं म्हणून मी ×-३-२-०-३-० धरली. क्लासमधली मुलं म्हणाली, ही नाइन नव्हे, ॲड नाइन. एका शब्दाने काय फरक पडतो? (वाशी)

उत्तर : एका सुराचा पडतो आणि तो मोठा आहे. नुसता 'नाइन' लिहिला की मधला कोमल सातवा गृहीत धरतात. सी नाइन म्हणजे सी, ई, जी, बी फ्लॅट, डी; ती ×-३-२-३-३-३ अशी धरा. बी फ्लॅटमुळे ती कुठेतरी पुढे जायला बघते, बहुतेकदा एफ कडे. 'ॲड नाइन' म्हणजे साध्या मेजरवर नुसता नववा ठेवला, सातव्याला आमंत्रण नाही. तुम्ही धरलीत ती तीच, आणि ती स्वस्थ बसते. 'मेजर नाइन' लिहिलं तर सातवा असतो पण शुद्ध : ×-३-२-४-३-०. आणि गंधारच काढून टाकलात, ×-३-०-०-३-३, तर सस टू.

मोठ्या आकड्यांना घाबरणाऱ्यांसाठी : सातपेक्षा मोठ्या आकड्यातून सात वजा करा. नऊ म्हणजे दोन, रे. अकरा म्हणजे चार, म. तेरा म्हणजे सहा, ध. वरच्या सप्तकातले, एवढंच. पुस्तक छापणाऱ्यांनी 'ॲड' गाळणं हा नेहमीचा रोग आहे. गाणं शांत असेल आणि छापील 'नाइन' खुपत असेल तर आधी 'ॲड नाइन' वाजवून बघायची. बहुतेकदा तीच निघते.

प्रश्न : मी भावगीतं गाते. पट्टी पांढरी सहा. साथीला एक तरुण मुलगा गिटारवर असतो. त्याच्या कागदावर मी जी, मग तिरकी रेघ, मग ए असं पाहिलं. हा भागाकार काय आहे? आणि दुसरं, मी तानपुरा लावायचा हट्ट धरला की तो कुरकुरतो. म्हणतो, तुमच्या तानपुऱ्यामुळे माझ्या सगळ्या कॉर्डांची नावं बदलतात. खरं की थापा? (नाशिक)

उत्तर : रेघेच्या डावीकडे कॉर्ड, उजवीकडे सगळ्यात खाली वाजायचा सूर. 'जी ओव्हर ए' वाचायचं. बाकी भागाकार काही नाही.

आणि मुलगा थापा मारत नाही. उलट त्याला हे ऐकू येतं याचं मला कौतुक वाटलं. पांढरी सहा म्हणजे ए, तेव्हा तुमचा तानपुरा ए आणि ई अखंड धरून आहे, सा आणि प. त्याने साधी जी मेजर वाजवली तर त्याच्या गिटारमधून जी, बी, डी निघतात, पण सभागृहात ए, ई, जी, बी, डी ऐकू येतात. ती जी राहिलीच नाही, ती ए नाइन सस फोर झाली : खाली सा, गंधाराऐवजी मध्यम, कोमल निषाद, वर रे आणि पंचम. तो कागदावर जी ओव्हर ए लिहितो, कारण जे ऐकू येणार आहे ते त्याला लिहायचं आहे. डी मेजर वाजवली तर डी ओव्हर ए, त्यात तानपुऱ्याचा ई मिसळून डी ॲड नाइन. तानपुरा आहे तोवर त्याच्या कुठल्याही कॉर्डचा बेस त्याच्या हातात नाही, तो तुमच्या हातात आहे. त्याची कुरकुर बहुधा याचीच असावी.

मात्र एका ठिकाणी नुसतं नाव बदलून भागत नाही. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात सा च्या तारेतून गंधार आपोआप बोलतो, हे तुम्हाला सांगायला नको. इथे तो सी शार्प. त्यावर गिटारवाल्याने ए मायनर वाजवली की त्याचा सी आणि तानपुऱ्याचा सी शार्प एकमेकांना घासतात. नुसता अर्ध्या सुराचा झगडा असता तरी कान सवयीने घेतो. पण स्वयंभू गंधार गिटारच्या सी शार्पपेक्षाही किंचित उतरलेला असतो, साधारण 14 सेंट, आणि अर्धा सूर म्हणजे 100 सेंट. त्यामुळे मेजर वाजवली तरी बारीक लहर राहते. फ्रेट पक्के ठोकलेले असतात, मुलगा त्यात काही करू शकत नाही.

माझा सल्ला विचाराल तर त्याला ए वरच्या कॉर्डांतून गंधार वगळायला सांगा. ×-०-२-२-०-० : ए, ई, ए, बी, ई. सस टू. गंधार तुम्ही गाल, कोमल किंवा शुद्ध, जसा गाण्यात असेल तसा. तिथे त्याने आधीच निर्णय देऊन टाकायचं कारण नाही. गंमत म्हणजे हीच कॉर्ड ई पासून मोजली तर ई सस फोर होते (ए, बी, ई हे तीनच सूर), पण तुमच्या मैफलीत तसं कुणी म्हणणार नाही. पांढरी सहा इतक्या जोरात वाजत असताना ई ला सा कोण मानेल?

आणि तानपुरा बंद करू नका. गिटार ए आणि ई च्या मोकळ्या तारांवर इतकी रमते की पांढऱ्या सहाला तो खरं तर सुखात आहे. पट्टी काळी पाच असती तर कुरकुर मी ऐकून घेतली असती.

प्रश्न : माझे आजोबा मुंबईत व्हायोलिन वाजवायचे. त्यांच्या ट्रंकेत हाताने लिहिलेले कागद सापडले. सुरांच्या वर गिटारसाठी अक्षरं आहेत, पण अक्षरांपुढे कुठे लहान शून्य, कुठे मधून कापलेलं शून्य, कुठे त्रिकोण, कुठे अधिक, कुठे वजा. एका ठिकाणी लागोपाठच्या ओळींत मला गिटारवर तीच बोटं येतात, पण आजोबांनी एकदा सी शार्प शून्य लिहिलंय आणि एकदा ई शून्य. घाईत लिहिलं असेल का? (मडगाव)

उत्तर : घाईत लिहिणाऱ्याचं काम हे नव्हे. चर्चच्या संगीतशाळेत सॉल्फेज (लिहिलेले सूर नावाने गाऊन वाचायचा सराव) घोटून मुंबईला गेलेल्या गोव्याच्या वादकांनी हिंदी सिनेमाची पानंच्या पानं लिहिली. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर (वाद्यांचा मेळ लिहून देणारे) सेबॅस्टियन डिसूझा त्यातलेच. त्या पिढीच्या हातच्या कागदात तीच बोटं दोन नावांनी आली असतील तर आधी आपण शोधायचं की का.

खुणा आधी. वजा म्हणजे मायनर. त्रिकोण म्हणजे मेजर सेव्हन. अधिक म्हणजे ऑगमेंटेड, पंचम अर्ध्याने चढवलेला. पण अधिक एखाद्या आकड्याच्या आधी आला तर तो आकडा शार्प. लहान शून्य म्हणजे डिमिनिश्ड, गंधार कोमल आणि पंचम अर्ध्याने उतरवलेला, आणि अशा कागदात बहुधा चार सुरांची, म्हणजे डिमिनिश्ड सेव्हन. कापलेलं शून्य म्हणजे हाफ डिमिनिश्ड.

आता तुमची जोडी. सी शार्प डिमिनिश्ड सेव्हन : सी शार्प, ई, जी, बी फ्लॅट. गिटारवर ×-४-५-३-५-×. प्रत्येक सूर पुढच्यापासून तीन फ्रेट दूर, आणि शेवटून पुन्हा पहिल्यापर्यंतही तीनच. त्यामुळे शेप तीन फ्रेट सरकवला की तेच चार सूर फक्त जागा बदलतात. चारही सुरांचा दावा सारखा. बारा सुरांत अशा कॉर्डा खऱ्या अर्थाने तीनच निघतात आणि प्रत्येकीला चार नावं. चिपळूणच्या कॉर्डला निदान गंधार-पंचम पाहून दोन दावेदार निवडता आले, इथे तोही आधार नाही. उरतं ते फक्त पुढे कुठे जायचंय ते.

माझा अंदाज असा, आणि तो तुम्ही कागदावर तपासा : सी शार्प शून्यानंतर डी किंवा डी मायनर आहे आणि ई शून्यानंतर एफ. बरोबर? ज्या कॉर्डवर पोचायचं तिच्या अर्धा सूर खाली जो सूर असतो, त्याच्या नावाने डिमिनिश्ड लिहायची. हेच चार सूर बी मायनरकडे निघाले असते तर आजोबांनी ए शार्प लिहिलं असतं. म्हणजे त्या नावात बोटांचा पत्ता कमी आणि पुढच्या स्टेशनाची पाटी जास्त. बेसवाल्याला, चेलोवाल्याला ती पाटी हवी असते; वाचतानाच त्याचा हात पुढच्या सुराकडे निघतो.

कापलेल्या शून्याचंही करून बघा, फरक एका तारेचा आहे. वरच्या शेपमध्ये तिसरी तार तिसऱ्यावरून चौथ्या फ्रेटवर न्या : ×-४-५-४-५-×. सी शार्प, जी, बी, ई. सी शार्प हाफ डिमिनिश्ड. आता यातला सी शार्प बाजूला ठेवून उरलेले तीन बघा, ई, जी, बी : ई मायनर! म्हणून हीच ई मायनर सिक्ससुद्धा. खाली ई वाजत असेल तर गिटारवाला ती त्याच नावाने ओळखेल. आणि ते कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. गोव्याची हवा आहे, बुरशी धरेल.

प्रश्न : मी आठवीत आहे. सरांनी जिमी हेंड्रिक्सची ई सेव्हन शार्प नाइन शिकवली, ०-७-६-७-८-×. मी सूर काढले तर वरचा सूर जी आहे. जी म्हणजे ई चा मायनर थर्ड ना? मग सरळ मायनर न म्हणता शार्प नाइन का म्हणायचं? सर म्हणाले, असंच म्हणतात. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सूर काढलेस ते अगदी बरोबर. ई, ई, जी शार्प, डी, जी. आता यात गंधार किती आहेत ते मोज. चौथ्या तारेवर जी शार्प, शुद्ध गंधार; दुसऱ्या तारेवर जी, कोमल गंधार. दोन्ही! जोग रागातही दोन्ही गंधार लागतात, पण एकापाठोपाठ. इथे एकाच फटक्यात.

नाव ठेवण्याच्या पद्धतीत तिसऱ्याची खुर्ची एकच असते आणि तिच्यावर जी शार्प बसलेला आहे. म्हणून वरच्या जी ला शेजारच्या नवव्याच्या खुर्चीवर बसवलं. नववा म्हणजे एफ शार्प, तो अर्ध्याने चढवला की आवाज जी चाच. कागदावर त्याला एफ डबल शार्प लिहायला हवं, पण तसं कुणी लिहिलं तर वाजवणारा तुझ्या सरांसारखाच चिडेल. तू 'ई मायनर' म्हणालास तर समोरचा जी शार्प वाजवणारच नाही आणि कॉर्डमधला सगळा तिखटपणा जाईल.

एक प्रयोग कर. दोन्ही गंधार शेजारी शेजारी, एका सप्तकात वाजव, भांडल्यासारखे वाजतील. या शेपमध्ये मात्र जी शार्प खाली आहे आणि जी त्याच्या 11 फ्रेट वर. तेवढ्या अंतरामुळे भांडण ऐकायला मजा येते. म्हणून वरखाली अदलाबदल करू नकोस. 1967 च्या 'पर्पल हेझ'मुळे या कॉर्डला लोक हेंड्रिक्स कॉर्डच म्हणतात. आणि पहिली तार करंगळीच्या पोटाने गप्प ठेव. ती वाजली तरी चूक नाही, ई च आहे, पण जी चा टोकदारपणा बोथट होतो.

प्रश्न : मुलगी हायस्कूलमध्ये आहे, गिटारच्या तारा वेगळ्याच लावते : डी, ए, डी, जी, ए, डी. ॲपमध्ये बोटं टाकली की भलतीच नावं येतात. तिच्या रचना लिहून ठेवायच्या आहेत. कशा? (न्यू जर्सी)

उत्तर : ॲप नेहमीच्या जुळणीचे सूर धरून हिशेब करतं, म्हणून. बहुतेक ॲपमध्ये जुळणी बदलायची सोय असते, ती आधी शोधा. इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ही जुळणी गाजवली आणि तेव्हापासून लोकसंगीतवाले ती सोडायला तयार नाहीत. कारण मोकळ्या तारा छेडल्या तरी डी सस फोर मिळते, डी, जी, ए. किंवा जी सस टू, तेच तीन सूर. गंधार कुठेच नाही, त्यामुळे हात कुठेही जायला मोकळा.

पण अशा रचनांत बोटं दोन तारांवर फिरतात आणि चार तारा घुमत राहतात. प्रत्येक क्षणाला नाव द्यायला गेलात तर कागदावर 'ॲड', 'सस' आणि 'ओव्हर डी' यांची गर्दी होईल आणि वाजवणाऱ्याला काहीच कळणार नाही. तिला पानाच्या वर जुळणी लिहू दे, खाली सहा रेघांवर फ्रेटचे आकडे, आणि जिथे बेसचा सूर खरोखर बदलतो तेवढ्याच ठिकाणी एक अक्षर. जी आला तिथे जी, ए आला तिथे ए. चौथ्या-पाचव्या पानानंतर कुठल्या अक्षराखाली तिचा हात कुठल्या गंधाराकडे जातो ते तिचं तिलाच दिसेल. मग हवं तर मेजर, मायनर लिहा. मला पाठवाल तेव्हा जुळणी विसरू नका, नाहीतर मीही त्या ॲपसारखीच भलतं काहीतरी सांगेन.